धोंडबेटाचे पावणे

निसर्गाच्या रक्षणासाठी माणसाने वेळ आली तर प्राणही पणाला लावावेत. हे वाक्य मला धोंडबेटाच्या कड्यावर आठवलं. हातभर रुंदीच्या कपारीवर मी पाठ टेकून उभा होतो. खाली साठ फुटांवर समुद्र खडकांवर आपटत होता आणि वर, माझ्या डोक्यापासून वीसेक फुटांवर, एक काळा बोकड माझा दोर चावत होता. ज्याने कोणी ते वाक्य लिहिलं, त्याचा मला भयंकर राग आला. मग लक्षात आलं, ते मीच लिहिलेलं आहे. आमच्या कॉलेजच्या निसर्ग मंडळाच्या भिंतीवर, हिरव्या ऑइलपेंटने, दोन ओळींत.

या गोष्टीला सतरा वर्षं झाली.

मी गलगले, मूळचा गडहिंग्लजचा. किनाऱ्यावरच्या एका तालुक्याच्या गावी वनस्पतिशास्त्र शिकवत होतो. नऊ वर्षांत मासे खायला शिकलो होतो, पोहायला शिकलो नव्हतो. आदल्या वर्षी कोणाच्या तरी होडीतून जाताना उसन्या दुर्बिणीतून मला धोंडबेटाच्या कड्यावर एक वेल दिसली होती. नाजूक, कंदील उलटा टांगावा तशी फुलं असलेली. कंदीलपुष्पाची जात, पण पुस्तकात कुठेही न सापडणारी. नवी जात सापडली तर शास्त्रीय नावात आडनाव लावतात. सेरोपेजिया गलगलेयी. हे नाव मी अंघोळीच्या वेळी मोठ्याने म्हणून बघत असे.

दुसरंही एक कारण होतं, आणि ते उदात्त होतं. बेटावर बकऱ्यांनी सगळं खाऊन टाकलं होतं. माती उघडी पडून पावसात समुद्रात जात होती, झरा आटत आला होता. जिल्ह्याने एक समिती नेमली होती. समितीचं म्हणणं, नुसत्या गवतासाठी बकऱ्या हलवता येणार नाहीत. दुर्मिळ असं काही असेल तर नमुना आणून दाखवा, बकऱ्या उचलतो. म्हणजे ती वेल मुळासकट, फुलासकट आणली की बेट वाचणार होतं, आणि मीही.

गणपती पाण्यात गेल्यावर आठव्या दिवशी, सकाळी सात वाजता, मी खाजणवाडीच्या धक्क्यावर उभा होतो. होडी फटू मालंडकरची. साठीचा माणूस, अंगाने सुकटासारखा. बेटावरच्या राखणदार देवाला कौल लावायचा मान त्याच्या घराण्याकडे. मी त्याला सांगितलं होतं की गवतं बघायला चाललोय. ते तसं खोटं नव्हतं. गवत मी बघणारच होतो.

माझी पिशवी होडीत टाकायच्या आधी फटूने त्यातला दोर बाहेर काढला. सुंभाचा, तीन पदरी. मी नायलॉनचा मागितला होता, पण कॉलेजच्या खरेदी समितीने सगळ्यांत स्वस्त तो घ्यायचा ठरवला. फटूने दोर धक्क्यावर पसरला, जर्मनच्या टोपात हात बुडवला आणि काहीतरी पांढरट त्याला टोकापासून टोकापर्यंत चोळायला लागला.

"हे काय?"

"पेज. मीठ घातलेली."

"कशाला?"

"दोर आसा मां? बेटार नेवचो तर लावक होयी."

सुंभ मऊ होत असेल, असं मी धरलं. वही काढून लिहिलंसुद्धा: दोराला भाताच्या पेजेचा लेप, पारंपरिक ज्ञान.

तेवढ्यात येसूकाकी आली. फटूची भावजय, उंच, आवाज भरतीचा. तिच्या बगलेत एक तांबडी शेळी होती आणि चेहऱ्यावर मुलगा बोटीवर नोकरीला लागल्याचं समाधान. शेळी त्या नवसाची. होडी सुटली. शेळी शांत बसली. मी दोन्ही हातांनी फळी धरून बसलो.

"मास्तर, भियेव नकात," काकी म्हणाली. "शेळी बगा कशी बसली हा."

"तिला पुढचं माहीत नाही."

"तिका काय जातला? मारणव थोडीच? देवाक सोडतव." मग तिने मला पद्धत सांगितली. बेटावर नेलं की जनावराचं दावं खुंट्याला बांधायचं आणि बाजूला व्हायचं. सोडायचं आपण नाही, सोडायचं देवाने. आधी सोडलेली जनावरं जमतात, दावं चावून तोडतात. दावं तुटलं की नवस पोचला.

"आणि नाही तुटलं तर?"

"तुटता," ती म्हणाली.

"आधी सोडलेल्या बकऱ्या म्हणजे..."

"आता म्हणा काय व्हया ता. बेटार पाय ठेवलो काय तो शब्द काढूचो नाय. पावणे म्हणूचा. तेंका मारूचा नाय, हाकलूचा नाय, मोठ्यान बोलूचा नाय. देवाचे पावणे ते."

सुकाणूवरून फटू म्हणाला, "आणि एकदा दावां तुटलां काय ता देवाचा. परत होडयेत घेवचा नाय. माझ्या बापाशीन एक घेतलेल्यान, लंगडा होता म्हणान. हय, ह्या खडपाकडे होडी उलाटली."

"छान," मी म्हणालो. अशा वेळी शिकलेला माणूस छान म्हणतो. हेही वहीत लिहिलं. पेज एका पानावर, दावं दुसऱ्या पानावर. दोन्ही पानं एकत्र वाचायचं मला सुचलं नाही.

धोंडबेटावर उतरलो आणि पहिली भीती वाटली ती शांततेची. पक्षी नाही, किडा नाही, पानाची सळसळ नाही, कारण पान नाही. करवंदीच्या जाळ्यांचे नुसते सांगाडे उभे. जमिनीतून मुळं वर आलेली, तीही सोललेली. तांबडी माती पायाखाली पिठासारखी. आणि वरच्या धारेवर, एका ओळीत, पावणे. शंभर-सव्वाशे तरी असतील. पळाले नाहीत, ओरडले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या त्यांना कोणी खडासुद्धा मारला नव्हता. माणसाला घाबरायचं असतं ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेलीच नव्हती. ते आम्हाला बघत होते. बकरीच्या डोळ्यात बाहुली आडवी असते, फटीसारखी. एक असली की गंमत वाटते. अडीचशे फटी एकदम तुमच्याकडे वळल्या की आपण मोजले जातोय असं वाटतं.

"आज लय इलेत," फटू पुटपुटला. "वास लागलो."

कसला वास, हे मी विचारलं नाही.

कड्याच्या काठाशी जांभ्याचा एक सुळका होता. पन्नास पावलांवर राखणदाराची धोंड, शेंदूर लावलेली. कड्यावरचंही गवत बघायचंय, असं मी सांगितलं. फटूने दोर सुळक्याला बांधला, दुसरं टोक माझ्या कमरेला, आणि गाठ ओढून बघितली.

"तुम्ही इथेच थांबा ना."

"काकीचा देवाक गाऱ्हाणा घालूक होया. माझ्याशिवाय कोण घालतलो? अर्ध्या घंट्यान येतंय."

मला उंचीची भीती आहे. हे मी समितीला कळवलं नव्हतं. कड्याकडे तोंड करून उतरताना मी फक्त नाकासमोरचा दगड बघितला. त्या दगडाचा प्रत्येक खड्डा मला आजही पाठ आहे. पाय कपारीला लागले तेव्हा मी काही वेळ डोळे मिटून दगडाला गाल लावून उभा राहिलो. मग उघडले, आणि ती वेल माझ्या कानाशी होती.

एकच होती. तीन फुलं. फिकट हिरवी नळी, वर जांभळ्या पाच पट्ट्या टोकाला जुळलेल्या, आत एक माशी अडकलेली. संपूर्ण बेटावर बकरीचं तोंड पोचणार नाही अशी एवढी एकच जागा उरली होती आणि तिथे ती होती.  मी तिला हलक्या आवाजात तिचं नाव सांगितलं. खुरपीने कपारीतली माती मोकळी केली, मोठ्या लिंबाएवढा कंद बोटांना लागला. तेवढ्यात कमरेला झटका बसला.

फटू आला असेल म्हणून वर बघितलं. काठावर एक तोंड होतं. दाढीवालं, पण फटूचं नव्हे.

काळा बोकड. शिंगं मागे वळून मानेला टेकलेली. त्याच्या तोंडात माझा दोर होता. खालचा जबडा संथपणे डावीउजवीकडे सरकत होता. मग त्याच्या शेजारी आणखी एक तोंड आलं. मग आणखी चार.

मीठ घातलेली पेज. दोन्ही पानं माझ्या डोक्यात एकमेकांवर आली.

"हाड!" मी ओरडलो. "हुश्श! हाड!"

त्यांनी कान पुढे केले. एवढंच. उलट माझ्या आवाजाने मागचे दहा-बारा बघायला आले, आणि त्यांच्या खुरांखालचे खडे सुटून माझ्या खांद्यावर पडले. एक मुठीएवढा दगड कपारीवर आपटून खाली गेला. तो पाण्यात पडल्याचा आवाज यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात माझ्या तोंडातली सगळी थुंकी वाळली.

"फटू! ओ फटू मालंडकर!"

वारा समुद्रावरून येत होता. माझी हाक माझ्याच तोंडात परत आली.

दोर अजून आहे तोवर चढावं म्हणून मी दोन्ही हातांनी धरला आणि चार हात वर गेलो. वर काहीतरी तट्‌कन वाजलं. तीनातला एक पदर सुटून उलगडत माझ्या तोंडासमोर आला. मी कसा खाली आलो आठवत नाही, पण तळव्यांची सालं गेली.   मला बायकोची आठवण आली असं लिहायला आवडलं असतं. मला आठवला रजेचा अर्ज. त्यात कारण "घरगुती धार्मिक कार्य" असं लिहिलं होतं आणि आता चौकशीत ते निघणार होतं.

त्यांना दुसरं काहीतरी द्यायला हवं होतं. डबा फेकला. तो काठावर उघडला; पोळ्या, बटाट्याची भाजी, प्लॅस्टिकची पिशवी, सगळं या क्रमाने नाहीसं झालं. काळा जागचा हलला नाही. मग वही फेकली. एका बकरीने ती उघडून पहिल्या पानापासून सुरुवात केली. माझं लिखाण इतक्या एकाग्रतेने कोणी आजवर घेतलेलं नाही. काळा दोर चावत राहिला. दुसरा पदर ताणून केसासारखा झालेला मला खालून दिसत होता.

त्या अख्ख्या बेटावर हिरवी अशी एकच गोष्ट होती आणि ती माझ्या कानाला लागत होती.

मी फार विचार केला असं नाही. मी तिला कंदासकट उपटली. कंद जड होता, त्यामुळे नेम चांगला लागला. वेल गिरकी घेत वर गेली आणि बरोबर काळ्याच्या पुढ्यात पडली. त्याने दोर सोडला. माझ्या तोंडून हुंदका निघाला. त्याने फुलं हुंगली, तिन्ही फुलं एका घासात घेतली, वेल ओढून आत घेतली, कंद फोडला. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम. मग ओठ चाटले आणि तो परत दोराकडे वळला.

पेजेत मीठ होतं. सेरोपेजियात नव्हतं.

दोर तुटला तेव्हा आवाजही झाला नाही. तो आला आणि माझ्या खांद्यावर, गळ्यात, पायाशी पडला. मी कपारीवर बसलो. एक टोक कमरेला, दुसरं टोक ओलं, चघळलेलं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. घड्याळ बघायला हात दगडावरून काढावा लागला असता. मग वरून फटूचा आवाज आला.

"मास्तर! ओ मास्तर!" त्याचं तोंड काठावर आलं. त्याने सुळका बघितला, मला बघितलं, आणि त्याचा चेहरा उजळला. "दावां तुटलां!"

"हो," मी म्हणालो.

"काकी! ये गो, बग! मास्तराचा दावां तोडल्यान देवान!"

येसूकाकी आली. मला खाली बघून तिने हात जोडले. "नशीब लागता," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात थोडी नाराजी होती. "माझ्या शेळयेचा अजून शाबूत आसा. कोण फिराकला नाय. सगळे हयच इले."

"मला वर घ्या!"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. फटू उकिडवा बसला. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरला. तो घाबरला होता. बोकड दोर चावत होता तेव्हा भीती फक्त मला होती. आता ज्याने मला वाचवायचं तोही भ्यालेला होता.

"मास्तर, ता कठीण आसा."

"म्हणजे?"

"दावां तुटलां मां. तुमी देवाचे झालास. तुमका होडयेत घेतलंय तर... बापाशीची होडी मी डोळ्यांनी बगलंय उलाटताना. मी धा वर्सांचो होतंय, होडयेतच होतंय."

"अहो, मी काय बोकड आहे?"

"शू!" दोघं एकदम म्हणाली. काळ्याने मान वर केली.

"पावणा," मी म्हणालो. "मी पावणा नाही."

"दोराक पेज लावलेली," फटू म्हणाला. तो वाद घालत नव्हता, समजावत होता. "मीच लावलंय. दोर तसोच नेवचो नाय म्हणान लावलंय. माका काय ठावक तुमी तो कमरेक बांधतलास? बांधतना मीच बांधलंय, तवा डोक्यातच इला नाय."

"मग काय करायचं?"

"कौल लावतंय. देव म्हणालो व्हर, तर होडयेत घालून व्हरतंय."

"आणि नाही म्हणाला तर?"

फटूने समुद्राकडे बघितलं. "तीनाक वारो सुटता. तेच्या आधी होडी काढूक होयी," तो म्हणाला. हे उत्तर होतं.

वारा आता फिरला होता. धोंडीकडचा प्रत्येक शब्द मला खाली ऐकू येत होता. फटूने ओल्या पाकळ्या धोंडीला चिकटवल्या असणार. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग त्याचा आवाज चढला.

"बा देवा राखणदारा, धोंडबेटाच्या धन्या!"

"व्हय म्हाराजा!" काकी.

"हो गलगले मास्तर, घाटावरचो, अजाण लेकरू. येता गवात बगूक, आणि येता दोर घेवन..."

"व्हय म्हाराजा!"

"तेका परत न्हेवची परवानगी आसात तर उजवी दी!"

 मी दगडाला कान लावला, जणू दगड काही सांगणार होता. मग काकीचं "अरे देवा."

डावी.

फटू काठाशी आला. तोंडावर घाम. "नाय म्हणता. मास्तर, तुमी पावण्यांबद्दल मनात काय वाईट धरून इल्लास काय?"

"नाही," मी म्हणालो.

तो गेला. गाऱ्हाणं. पाकळी. डावी.

आमच्या तालुक्याच्या विज्ञान मंडळाचा मी चिटणीस होतो. ओली पाकळी कोणत्या बाजूला पडेल ते पाण्याच्या थेंबावर आणि दगडाच्या उतारावर असतं, हे मी शाळांतून फळ्यावर आकृती काढून समजावलं होतं. ती आकृती मला त्या वेळी स्पष्ट दिसत होती. तिचा काही उपयोग नव्हता. सावली माझ्या पायांवरून सरकून कड्याला टेकली होती. दीड वाजला असेल. पाणी खडकांवर आणखी वर चढत होतं.

"फटू!" मी ओरडलो. "मी खोटं बोललो!"

दोन तोंडं काठावर आली.

"मी गवत बघायला नाही आलो. मी एक वेल न्यायला आलो होतो. ती समितीला दाखवली की... पावण्यांना बेटावरून उचलणार होते. ट्रॉलरमध्ये घालून. म्हणजे, मीच सुचवलं होतं. लेखी."

वरून काही आवाज आला नाही.  मला वाटलं, ते उठून गेले. होडीच्या इंजिनाचा आवाज कधी येतो याची मी वाट बघायला लागलो. मग कोणीतरी खोकल्यासारखा आवाज आला. येसूकाकी हसत होती.

"ह्यो?" ती म्हणाली. "ह्यो पावण्यांका व्हरतलो? ह्येका सोता वर येवक येना!"

"काकी, हसां नको गो," फटू म्हणाला, पण त्याचाही आवाज मोकळा झाला होता.

"अरे, देवाक तेच ऐकूचा होता. आता बदली इचार. एक घेव नको तर दुसरा घे, म्हण. मास्तर! काय देतास?"

"काहीही!"

"काय ता नीट सांगा. देवाक काहीही देवन चलाना नाय."

"एक बो... एक पावणा सोडीन!"

"एक?" काकीने वर विचारलं, बाजारात पापलेटाचा भाव ऐकावा तसं.

"दर वर्षी!" मी ओरडलो. "जिवंत आहे तोवर दर वर्षी एक!"

फटूने परत गाऱ्हाणं घातलं. या वेळी ते लांबलचक होतं, त्यात माझी समिती होती, ट्रॉलर होता, कॉलेज होतं. काकी "व्हय म्हाराजा" म्हणत होती. तिसऱ्या-चौथ्या वेळी मला आणखी एक आवाज ऐकू आला, चिरका, मोठा, "व्हय म्हाराजा!" असं कोकलणारा, आणि तो माझा होता.

उजवी पडली.

फटू होडीवरून नांगराचा दोर घेऊन आला. नायलॉनचा, पेज न लावलेला. तो सुळक्याला बांधेपर्यंत पावणे पुन्हा जमले. त्यांना हाकलायचं नव्हतं. काकी दोरापुढे उभी राहिली आणि नवसाचा नारळ फोडून एकेक तुकडा लांब टाकत त्यांना आर्जवं करायला लागली. "बाबांनू, वांयच तिकडे सरा. तुमचा झाला मां खावन? आता मास्तराक येवंदेत." फटू ओढत होता. मी सोललेल्या तळव्यांनी धरून चढत होतो, आणि दर हातागणिक डोळ्यांसमोर काळ्याचा जबडा डावीउजवीकडे सरकत होता. काठावर आलो तेव्हा तो माझ्यापासून दीड हातावर उभा होता. त्याने माझ्या कमरेचं उरलेलं टोक हुंगलं. मी गाठ सोडली आणि ते टोक त्याच्यापुढे ठेवलं. दोन्ही हातांनी.

होडीत बसताना मागे बघितलं तर तांबड्या शेळीभोवती चौघं-पाचजण जमले होते. तिचं दावं तुटलं. काकीने समाधानाने पदर सावरला.

अर्ध्या वाटेवर फटूने विचारलं, "मास्तर, गावला काय तुमचा झाड?"

"नाही," मी म्हणालो.

समितीलाही मी तेच लिहून दिलं. धोंडबेटावर दुर्मिळ वनस्पती आढळली नाही. बकऱ्यांपासून विशेष धोका दिसत नाही. समितीने आभार मानले आणि ती विसर्जित झाली. तशी वेल मला पुढे कुठेच दिसली नाही. मी शोधली. तिचा फोटो नाही, वाळवलेला नमुना नाही, वहीतली नोंद कोणाच्या पोटात गेली ते मी बघितलेलं आहे. ती होती, हे फक्त मला आणि त्या काळ्याला माहीत होतं. तो चार पावसाळ्यांमागे कड्यावरून पडला, असं फटूचा जावई सांगत होता.

कॉलेजच्या भिंतीवरचं वाक्य अजून आहे. मध्ये रंग दिला तेव्हा शिपायाने विचारलं, ठेवायचं का? मी म्हटलं, ठेव.

यंदाचा सतरावा. पांढरा आहे, एका कानावर ठिपका. दाव्याला पेज मी स्वतःच लावतो. मीठ थोडं जास्त घालतो.